चिपाड (बगॅस), कोल्हापूर परिसरातील

उसाचा रस काढल्यावर उरणारा तंतुमय भाग. कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळावर त्याला चिपाड म्हणतात आणि साखर कारखान्यात बगॅस. वस्तू एकच, पण चिपाड म्हटले की उन्हात पसरून वाळवलेले, चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, जाणारे जळण डोळ्यांपुढे येते, आणि बगॅस म्हटले की पट्ट्यावरून ओलेच बॉयलरमध्ये पडणारे. हा फरक बोलीपुरता राहत नाही. दोन्हींचा ऊर्जेचा आणि कार्बनचा हिशेब वेगळा लागतो, म्हणून या नोंदीत दोन्ही शब्द आपापल्या जागी वापरले आहेत. चावून टाकलेल्या चोयट्या यात येत नाहीत. तोडणीनंतर फडात राहणारे पाचटही येत नाही. पाचट आणि चिपाड यांची सरमिसळ वर्तमानपत्री लेखनात फार होते आणि तिच्यामुळे उत्सर्जनाचे आकडे चुकतात.

‘बगॅस’ हा शब्द मराठीत इंग्रजीमार्फत आणि इंग्रजीत फ्रेंचमार्फत आला, इथवर एकमत आहे. त्यामागचे मूळ वादाचे आहे. काहींच्या मते तो दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हांसाल भाषेतून फ्रेंचमध्ये शिरला, तर काही तो थेट स्पॅनिशमधून आल्याचे मानतात. दोन्ही भाषांत मूळ अर्थ ऊस नव्हे, तर तेल काढल्यावर उरलेला ऑलिव्हचा चोथा असा दिसतो, आणि दोन्ही शब्द फळ या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत नेता येतात. ऊस आणि साखर यांचा अटलांटिकपलीकडचा प्रसार पाहता स्पॅनिश वसाहतींचा मार्ग अधिक संभवनीय वाटतो. ‘चिपाड’चे नाते चेपणे, चिपणे या क्रियापदांशी जुळते. रस गेलेली वस्तू हा अर्थ बोलीत माणसालाही लागतो: आजाराने वाळलेल्याच्या अंगाचे ‘चिपाड झाले’ म्हणतात.

चोथा जाळूनच रस आटवायचा ही युक्ती कोणी आधी काढली, याविषयी युरोपीय लेखनात साधारण सतराव्या-अठराव्या शतकांतील कॅरिबियन बेटांचा उल्लेख येतो. तिथे जंगल तुटून लाकूड संपत आले, तेव्हा एकाच जाळावर ओळीने कढया बसवून खाली चोथा जाळण्याची पद्धत रूढ झाली. भारतात गूळ त्याच्या कितीतरी आधीपासून होत आला आहे. हातात येणारे वाळलेले जळण टाकून लाकूड आणत बसण्याचे कारण नव्हते, त्यामुळे इथे ही रीत स्वतंत्रपणे आणि बहुधा पूर्वीच पडली असावी.

घटक व उष्णता : कारखान्यातील बगॅस उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के भरते आणि त्यात निम्मे पाणी असते. किलोमागे एकूण उष्मांक सुमारे २,२५० किलोकॅलरी. पण आतले पाणी उडवण्यात काही उष्णता खर्ची पडते, ती वजा जाता हाती १,८०० च्या आसपास उरतात, म्हणजे साधारण ७.६ मेगाज्यूल. हेच चिपाड उन्हात वाळून ओल १५ टक्क्यांवर आली, तर किलोमागे १५ मेगाज्यूलच्या जवळ मिळतात. वाळल्यावर वजन घटते हे खरे, तरीही शंभर किलो ओले चिपाड वाळवून जाळले तर ओले जाळण्यापेक्षा सहावा-सातवा हिस्सा उष्णता जास्त मिळते, शिवाय जाळ चढा लागतो आणि धूर कमी होतो. गुऱ्हाळाच्या अंगणात दिवसभर चिपाड पसरणे, उलटणे आणि संध्याकाळी गोळा करणे हे जे काम चालते, ते म्हणजे सूर्याची उष्णता इंधनात भरणे होय. ऊर्जेच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात या कामाला रकाना नाही, आणि तो असायला हवा.

गुऱ्हाळातील वापर : छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ च्या सुमारास शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला बाजार मिळाला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुळाची प्रत चर्चेत नेहमी माती, पाणी आणि उसाची जात यांवर लावली जाते. जाळाचा वाटा मात्र गुळव्याच, म्हणजे गूळ करणारा कारागीरच, जाणतो. रस उकळून फेस काहिलीच्या (रस आटवायच्या मोठ्या कढईच्या) काठाला आला की चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस चिपाड सारायचे थांबतो. भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढली की पुन्हा मोठा जाळ. शेवटी गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का पाहतो. तेवढ्या अवधीत जाळ राहिला तर आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी आटवायला घेतलेला रस, करपते. लाकूड असे क्षणात आवरता येत नाही, चिपाड येते.

एका आदणाचा इंधनहिशेब ढोबळपणे असा मांडता येतो. एक टन उसातून चरकावर ६०० किलोच्या वर रस आणि ३५० किलोच्या आसपास ओले चिपाड निघते. गूळ १०० ते ११० किलो उतरतो, म्हणजे ५०० किलोच्या आसपास पाणी उडवायचे असते. रस तापवण्यासह त्याला सुमारे १.३ गिगाज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उसाचे चिपाड नीट वाळले तर ३ गिगाज्यूलच्या जवळ देते. म्हणजे चुलवाणाने जाळाचा पाचातला दोन हिस्सा रसात उतरवला, तर गुऱ्हाळ स्वतःच्या जळणावर चालते. त्याखाली गेले की लाकूडफाटा विकत आणावा लागतो. एकाच काहिलीच्या जुन्या चुलवाणाला एवढी मजल गाठणे जड जाते, कारण धुराड्यातून तापलेली हवा तशीच निघून जाते. त्याच धुराच्या वाटेवर दुसरी काहील बसवून येणारा रस आधी तापवून घेणे हा सुधारणेचा मुख्य मार्ग आहे, आणि तो महागडाही नाही.

कारखान्यातील वापर व सहवीजनिर्मिती : बॉयलर अग्निप्रदीपनाने हंगामाची तयारी सुरू होते. पूर्वी कमी दाबाचे बॉयलर असत. बगॅस साठवली तर ढिगाला आग लागण्याची भीती आणि उरली तर ठेवायची कुठे हा प्रश्न, त्यामुळे ती संपवणे हाच हेतू असे आणि काटकसरीला मोल नव्हते. वाफ आधी जनित्रातून नेऊन वीज काढायची आणि उरलेल्या उष्णतेवर रस आटवायचा, ही सहवीजनिर्मिती. ६७, ८७ आणि ११० बार दाबाचे बॉयलर आल्यावर कारखान्याची गरज भागून वीज उरू लागली. मॉरिशसमध्ये अशी वीज १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातच सार्वजनिक वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जात होती. भारतात केंद्राचा कार्यक्रम १९९४ च्या सुमारास आला, महाराष्ट्रात विद्युत नियामक आयोगाने २००२ मध्ये या विजेचे दर ठरवले, आणि २००३ च्या विद्युत कायद्याने कलम ८६ मध्ये सहवीजनिर्मितीला उत्तेजन देण्याचे काम आयोगांवर सोपवले. वारणा, पंचगंगा, भोगावती, दूधगंगा या खोऱ्यांतील कारखान्यांची गुंतवणूक याच धोरणाच्या आधारावर झाली.

पुढे सौर विजेचे दर कोसळले आणि बगॅसची वीज महाग दिसू लागली. ही तुलना अपुरी आहे. बगॅसची वीज रात्रीही मिळते आणि ती हिवाळ्यात, गळीत हंगामात येते, जेव्हा धरणातले पाणी जपून सोडायचे असते आणि नदीकाठच्या उपसा योजनांचे पंप चालू असतात. नुसत्या युनिटच्या दरात हा गुण दिसत नाही. मात्र हंगाम संपला की जनित्र थांबते, हेही दर ठरवताना धरावेच लागते.

कार्बनचा हिशेब : सर्वांत मोठा वाद इथे आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जैवइंधन जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत धरत नाहीत, फक्त माहितीसाठी नोंदवतात. ऊस वाढताना तो हवेतूनच घेतला गेला आणि पुढच्या हंगामात पुन्हा घेतला जाईल, ही त्यामागची भूमिका. मिथेन व नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात. एक टन ओल्या बगॅसमागे त्यांचा भार साधारण १५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. प्रत्यक्ष धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याच एका टनामागे ७६० किलोच्या आसपास आहे, आणि युनिटमागे पाहिले तर तो कोळशापेक्षाही जास्त भरतो. त्यामुळे काही अभ्यासक ‘शून्य उत्सर्जन’ या शब्दालाच हरकत घेतात.

लाकडासाठी ही हरकत रास्त आहे, कारण तोडलेले झाड भरून यायला दशके लागतात. ऊस बारा ते अठरा महिन्यांत उभा राहतो, आणि बगॅस जाळली नाही तरी कुजून तिचा कार्बन हवेत जातोच. ढीग आत दाबून कुजला तर काही भाग मिथेन होऊन, म्हणजे अधिक घातक रूपात जातो. म्हणून बगॅसपुरती मंडळाची रीत ग्राह्य मानावी. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: या विजेने कशाची जागा घेतली? आधुनिक संयंत्रात एक टन बगॅसपासून ४०० युनिटांच्या वर वीज होऊ शकते. भारतीय जाळ्यातील सरासरी उत्सर्जन युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरले, तर ३०० किलोच्या आसपास बचत दिसते. पण त्यातली जी वीज कारखान्यातच खपते, ती आधीही बगॅसवरच होत होती. बचत फक्त वाढीव विजेची धरायला हवी.

क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे विकसनशील देशांतील प्रकल्पांना उत्सर्जनातील बचतीची विकता येणारी प्रमाणपत्रे देण्याच्या व्यवस्थेत, नेमकी याच मुद्द्यावर झटापट झाली. बगॅस सहवीजनिर्मितीसाठी २००४ च्या सुमारास एएम ००१५ ही स्वतंत्र गणनपद्धती मंजूर झाली आणि नंतर ती जैवभाराच्या एकत्रित पद्धतीत विलीन झाली. प्रमाणपत्राशिवाय प्रकल्प उभा राहिलाच नसता, हे सिद्ध करण्याची अट होती. विजेचा दर आयोगाने आधीच ठरवून दिला असताना हे सिद्ध करणे अवघड असे. २०१२ नंतर प्रमाणपत्रांचे भाव गडगडले आणि या उत्पन्नाचा भरवसा राहिला नाही. २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या भारतीय कार्बन क्रेडिट योजनेपुढेही हेच प्रश्न आहेत.

गळतीचा मुद्दा कोल्हापूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. कारखान्याने बाहेरून चिपाड उचलले आणि गुऱ्हाळाला लाकूड घ्यावे लागले, तर एकीकडची बचत दुसरीकडे निघून जाते. शिवाय उसाला दिलेल्या नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि पाणी उपसण्याची वीज हा भार साखरेवर, गुळावर की बगॅसवरही टाकायचा, याची वाटणी एकमताने ठरलेली नाही. बगॅसला टाकाऊ मानले की तिच्यावर काही येत नाही. पण तिला भाव मिळू लागल्यावर ती टाकाऊ म्हणणे टिकणार नाही.

हवामानबदलाचा परिणाम : ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला. शेंडा पाण्याखाली राहिला की ऊस कुजतो, आणि गळिताच्या दिवसांचे गणित तिथेच बिघडते. गुऱ्हाळाला त्याहून जवळचा धोका परतीच्या पावसाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंगणात पसरलेले चिपाड एका सरीत भिजते, वर वाळलेले आणि आत ओले राहते, चुलवाण धुमसते आणि गुळाचा रंग काळवंडतो. ताडपत्री आणि छपराखालची साठवण हा यावरचा उपाय आहे. सरकारी अनुदानाची चर्चा मात्र सहसा बॉयलरपाशी सुरू होते.

इतर उपयोग : कागद, दाबून केलेल्या फळ्या, टाकून देण्याजोग्या ताटल्या. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे रसाऐवजी तंतुमय भागापासून केलेल्या, इथेनॉलसाठीही बगॅस चालते. बॉयलरची राख विटांसाठी जाते. चुलवाणातली राख बहुतेक ठिकाणी पुन्हा उसाच्याच शेतात टाकतात. तिच्यात पालाश असते.