कुत्र्यांच्या रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी नमुना घेताना

पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचण्या) तपासणीचा नमुना आमच्या प्रयोगशाळेने का नाकारला, अशी विचारणा आपल्यापैकी अनेक डॉक्टरांकडून वारंवार होते. बहुतेक वेळा कारण एकच असते: निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसते.

या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारे 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण काटेकोरपणे पाळावे लागते. 1.8 मिली रक्ताच्या ट्यूबमध्ये 0.2 मिली सायट्रेट असते. तिच्यात 1 मिलीच रक्त घातले, तर हे प्रमाण पाचास एक होते. तपासणीच्या वेळी रक्त गोठावे म्हणून आम्ही मिसळलेले कॅल्शियम त्या जादा सायट्रेटमध्ये अडकते, गुठळी उशिरा बनते आणि धडधाकट कुत्र्याचा अहवालही रक्त गोठू न देणारे उंदराचे विष खाल्ल्यासारखा दिसू लागतो. अशा आकड्यावर विसंबून ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाण्यापेक्षा नमुना पुन्हा मागवलेला बरा, असे आमचे ठाम मत आहे.

रक्त शक्यतो मानेच्या शिरेतून, एकाच टोचणीत सलग ओढावे. शीर शोधत सुई आत फिरवली, की ऊतींमधील घटक मिसळून रक्त सिरिंजमध्येच गोठू लागते. रक्तस्रावाच्या विकाराची दाट शंका असल्यास मात्र पुढच्या पायाची शीर निवडावी, कारण तेथे दाबपट्टी बांधता येते. हेपरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) धुतलेल्या कॅथेटरमधून हा नमुना घेऊ नये. रक्त आधी निळ्या आणि मगच जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये भरावे. निळी ट्यूब कमी भरली म्हणून जांभळीतले रक्त तिच्यात ओतल्याचेही कधीकधी आढळते. जांभळ्या ट्यूबमधील ईडीटीए हे रसायन कॅल्शियम बांधून ठेवत असल्याने तो नमुना पूर्णपणे वाया जातो.

ट्यूब न झटकता चार-पाच वेळा हलकेच उलटसुलट करावी. तिरपी केल्यावर काचेला लाल, चिकट तंतू लोंबताना दिसला, तर दुसऱ्या शिरेतून नवा नमुना घ्यावा. उंदराच्या विषाच्या बाधेचा संशय असल्यास त्यावरचा उतारा असलेले व्हिटॅमिन के देण्यापूर्वीच रक्त काढून ठेवावे.

नमुना चार तासांत आमच्याकडे पोहोचावा. ते शक्य नसल्यास प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वेगळा करून प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये गोठवून पाठवावा. पॉमेरेनियन किंवा पिल्लांसाठी 0.9 मिलीच्या ट्यूब आम्ही नोंदणीकृत दवाखान्यांना विनामूल्य देतो. मुदत संपलेल्या ट्यूबमधील निर्वातता कमी होऊन त्या पुरेशा भरत नाहीत, त्यामुळे नमुना नेण्यास येणाऱ्या आमच्या माणसाकडे त्या परत देऊन नव्या मागून घ्याव्यात.