लाईनी दिसल्या म्हणून फुटेज कन्व्हर्ट करून आणू नका

लगीनसराई सुरू झाली की परभणी, सेलू, जिंतूरकडचे शूटिंगवाले आणि घरची मंडळी एडिटिंग आणि डीव्हीडीसाठी आमच्याकडे येतात तेव्हा एकच तक्रार करतात: "कॉम्प्युटरवर लावलं की माणसाच्या कडेला लाईनी येतात. कॅमेरा बिघडलाय का?" बिघडलेला नाही. फुटेजही चांगलं आहे.

वरातीतला हलगीवाला पॉझ करून बघा. त्याच्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतील, मागचा मांडव मात्र स्वच्छ. आपल्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात आणि अशा, म्हणजे इंटरलेस्ड, फुटेजमध्ये प्रत्येक फ्रेम दोन फिल्डची, म्हणजे दोन अर्ध्या चित्रांची. 576 ओळींपैकी एकाआड एक 288 ओळी आधीच्या क्षणाच्या, उरलेल्या 288 त्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं टिपलेल्या. तेवढ्यात हात पुढं गेलेला असतो. जुना डबा टीव्ही दोन्ही फिल्ड एकामागून एक दाखवायचा, नवा टीव्ही ती स्वतः जुळवून घेतो. कॉम्प्युटरवर बऱ्याचदा दोन्ही एकदम दिसतात, म्हणून दाते.

खरी अडचण पुढं होते. लाईनी घालवायच्या म्हणून बरेच जण घरीच एखाद्या फुकटच्या कन्व्हर्टरमधून फुटेज काढतात आणि छोटी एमपीफोर फाईल पेनड्राइव्हवर आणून देतात. डीइंटरलेस केलं असेल, म्हणजे दोन फिल्डचं मिळून एक सलग चित्र केलं असेल, तर सेकंदाला 50 वेळा टिपलेली हालचाल बहुतेक वेळा 25 वर येते आणि डीव्हीडीवर नाच अडखळतो. डीइंटरलेस न करता नुसती साईज कमी केली असेल, तर त्याहून वाईट: दोन्ही फिल्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात. एकदा मिसळल्या की त्या आम्हालाच काय, कुणालाच वेगळ्या करता येत नाहीत. मग मूळ कॅसेट मागवा, पुन्हा कॅप्चर करा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. 60 मिनिटांच्या मिनी डीव्ही कॅसेटला कॅप्चरसाठी 60 मिनिटंच लागतात, आणि एका लग्नाच्या चार-पाच कॅसेट असतात. तुमची तारीख पुढं जाते ती इथं.

"तुम्ही लाईनी का काढत नाही?" असंही विचारतात. डीव्हीडीसाठी आम्ही त्या मुद्दाम काढत नाही. डीव्हीडी इंटरलेस्ड चित्र जसंच्या तसं घेते, आणि अक्षता उधळणारे हात त्यामुळंच सलग दिसतात. काम तपासतो तेही टीव्हीला जोडून, नुसतं मॉनिटरवर बघून नाही. मोबाईलवर किंवा पेनड्राइव्हवर बघायचं असेल, तर त्याच मास्टरवरून, म्हणजे एडिट झालेल्या मूळ प्रतीवरून, डीइंटरलेस केलेली, सेकंदाला 50 फ्रेमची वेगळी प्रत देतो. ऑर्डर देतानाच सांगितलं तर दोन्ही एकाच खेपेत होतं.

कोणता भाग कोणत्या कॅमेऱ्याचा, हे चिठ्ठीवर लिहून द्या. डीव्ही कॅसेटमध्ये खालचं फिल्ड (दुसऱ्या ओळीपासून सुरू होणारं) आधी येतं, 1080 आय, म्हणजे 1080 ओळींचं इंटरलेस्ड शूट करणाऱ्या एचडी कॅमेऱ्यात वरचं (पहिल्या ओळीपासूनचं). एडिटिंगच्या टाईमलाईनवर हा क्रम चुकला की चाललेला माणूस पुढं-मागं थरथरतो. एचडी फुटेज 576 ओळींवर आणतानाही फिल्ड आधी सुटी करावी लागतात, तेही आमच्यावर सोडा.

कॅसेट असेल तर कॅसेट, कार्ड असेल तर आख्खं फोल्डर, आतली एकही फाईल न हलवता आणा. कॅसेटच्या मागची खिटी 'सेव्ह'कडे सरकवलेली आहे ना, तेवढं निघताना बघा. एका घरची हळद त्याच कॅसेटवर पुन्हा शूटिंग झाल्यानं पुसली गेली होती, आणि ती आम्हाला परत आणता आली नाही.