मृदेतील लवणांचे अधिशोषण व वहन

लवणयुक्त पाणी मृदेतून झिरपताना त्यातील काही आयन (विद्युत् भार असलेले अणू किंवा अणुगट) मृदाकणांच्या पृष्ठभागावर धरले जातात आणि उरलेले पाण्याबरोबर खाली जातात. यामागे मुख्यतः धन-आयन विनिमय ही प्रक्रिया असते. चिकणमातीतील खनिजे व ह्यूमस (कुजलेले सेंद्रिय द्रव्य) यांवर ऋण विद्युत् भार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम, सोडियम असे धन-आयन त्यांना धरून राहतात. द्रावणातून नवा आयन येऊन बसला की तेवढ्याच भाराचा आधीचा आयन सुटतो.

या शोधाच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. इटलीत गॅझेरी (१८१९) आणि जर्मनीत ब्रोनर (१८३६) यांनी मातीचा हा गुण नोंदविल्याचे सांगतात. ब्रोनर यांनी बुडाला भोक असलेल्या बाटलीत बारीक वाळू किंवा चाळलेली बागेतील माती भरून तीतून दाट, कुजलेले द्रवरूप खत ओतले. खाली आलेल्या पाण्याला रंग व वास जवळजवळ उरला नव्हता. मात्र हे निरीक्षण गाळणीच्या गुणाचे होते. मातीने त्या बदल्यात काय सोडले, हा प्रश्न त्यात नव्हता. इंग्लंडमधील यॉर्कशरचे जमीनदार एच. एस. टॉम्प्सन यांनी १८४५ च्या सुमारास यॉर्क येथील औषधविक्रेते जोसेफ स्पेन्स यांच्या मदतीने अमोनियम सल्फेट मिसळलेल्या मातीतून पाणी जाऊ दिले, तेव्हा झिरपलेल्या पाण्यात मुख्यतः जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आढळले. टॉम्प्सन यांचा निबंध १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जे. टॉमस वे यांनी विस्तृत प्रयोग मांडले. लवणातील अमोनिया मातीत राहतो, सल्फेट, क्लोराइड किंवा नायट्रेट चुन्यासह (म्हणजे कॅल्शियमसह) बाहेर पडते, अदलाबदल सममूल्य असते व ती जवळजवळ तत्काळ होते, असे वे यांनी दाखविले. त्यामुळे पहिल्या निरीक्षणाचा मान टॉम्प्सन यांना आणि नियमाचा वे यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ही क्रिया उलट होत नाही, हे वे यांचे मत मात्र टिकले नाही; आइकहॉर्न यांनी १८५८ मध्ये झिओलाइट या सच्छिद्र सिलिकेट खनिजांवरील प्रयोगांतून ती उलटविता येते हे सिद्ध केले. विनिमय करणारी मृत्तिका खनिजे स्फटिकी असल्याचे १९३० च्या सुमारास क्ष-किरणांनी स्पष्ट झाले.

धन-आयन विनिमय क्षमता दर किलोग्रॅम मृदेमागे धरलेल्या भाराच्या सेंटिमोलमध्ये (मोलच्या शंभराव्या भागात) देतात. चिकणमातीतील खनिजांपैकी केओलिनाइटाची क्षमता साधारणतः ३ ते १५, माँटमोरिलोनाइटाची ८० ते १२० असते. ह्यूमसाची त्याहूनही जास्त असू शकते. वाळूची नगण्य असल्याने रेताड जमिनीत खत हप्त्याहप्त्याने द्यावे लागते. नायट्रेट व क्लोराइड बहुतेक मृदांत धरले जात नाहीत. ऋणभारित पृष्ठभाग त्यांना दूर लोटतो, म्हणून क्लोराइड कधीकधी सरासरी पाण्याच्याही पुढे जाते. अमोनियमरूपात दिलेला नत्रही जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले की सुटा होतो आणि जोराच्या पावसात मुळांखाली उतरतो.

दख्खनच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे प्रमुख असल्याने तिची धारणशक्ती मोठी असते. पण उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी सरळ खोल जाते. मातीशी त्याचा पुरता संपर्कच येत नाही. ढेकळे फुगून भेगा मिटल्यावर हालचाल अगदी मंद होते. कोकणातील जांभ्या मृदेत केओलिनाइट व लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात. ती फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात.

सोडियमचा वाटा विनिमय क्षमतेच्या सुमारे १५ टक्क्यांवर गेला की मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात व जमीन चोपण होते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात अतिसिंचनामुळे खारवट व चोपण जमिनींचा प्रश्न गंभीर आहे. चोपण जमिनीला जिप्सम देतात. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते व सुटलेले सोडियम सल्फेट पाण्याने धुऊन काढता येते. त्यासाठी चर किंवा भूमिगत निचरा नळ्या आधी हव्यात. निचरा नसेल तर सुटलेले सोडियम शेतातच राहते.