'खांबागत' आणि 'येड लागल्यागत': उपमा कुठं संपते, उत्प्रेक्षा कुठं सुरू होते

जुलैत शिकवणीतल्या एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, 'पाऊस येड लागल्यागत कोसळत होता.' मी खाली 'उपमा, छान' असा शेरा मारून वही परत दिली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन टेबलापुढं उभा.

"सर, उपमा म्हटलं की उपमान लागतंय. ह्यात पावसाला उपमा कशाची दिलीया?"

"येड्याची."

"येड्यागत नाही लिव्हलं सर. येड लागल्यागत लिव्हलंय."

मी गप्प. पोरगं बरोबर होतं.

आमच्याकडं अलंकार शब्द पाठ करून ओळखायची सवय आहे. सारखा, सम, समान, प्रमाणे, परी, वाणी दिसलं की उपमा. जणू, जणू काही, गमे, भासे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेत दहातली आठ वाक्यं यावर सुटतात, म्हणून ही यादी मीही फळ्यावर लिहितो. पण कोल्हापुरात दिवसभर तोंडात असलेला 'गत' त्या यादीत नसतो, आणि नेमका तोच दोन्हीकडं चालतो.

उपमा सोपी. 'पैलवान दगडी खांबागत उभा होता.' पैलवान उपमेय, खांब उपमान, जागचं न हलणं हा दोघांतला समान धर्म आणि 'गत' हा साधर्म्य दाखवणारा शब्द. महत्त्वाचं म्हणजे खांब खराच असतो. अंबाबाईच्या देवळात जाऊन त्याला हात लावता येतो. बोलणारा दोन खऱ्या वस्तू शेजारीशेजारी ठेवतो, त्यांच्यातलं एक साम्य दाखवतो आणि बाजूला होतो. पैलवान पैलवानच राहतो, खांब खांबच.

उत्प्रेक्षेत शेजारी ठेवायला दुसरी वस्तू असेलच असं नाही. पावसाला वेड लागत नाही. ते लागलंय असं आपण धरून चालतो, आणि धरून चाललोय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. काव्यशास्त्रात याला 'संभावना' म्हणतात.

गुऱ्हाळावर हे फार छान दिसतं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस उकळायला लागला की मळी वर येते, गूळ करणारा गुळव्या ती काढत राहतो, खाली चुलाणात चिपाडाचा जाळ. रस अचानक फुगून कडेपर्यंत चढतो. तिथं कुणी म्हणालं, 'रस दुधागत उतू चाललाय', तर ती उपमा. दूध उतू जाताना सगळ्यांनी बघितलंय. पण 'रस काहिलीच्या कडा चाचपत बाहेर पडायची वाट शोधत होता' म्हटलं की गोष्ट बदलली. रसाला हात नाहीत, वाट शोधायची अक्कल तर नाहीच नाही. जे घडत नाही ते घडतंय असं बघितलं, ही उत्प्रेक्षा. आणि बघा, या वाक्यात 'जणू'सुद्धा नाही. वाचक तो मनातल्या मनात घालून घेतो. अशा उत्प्रेक्षेला प्रतीयमान म्हणतात.

हा घोळ आजचा नाही. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या 'काव्यादर्शा'त, म्हणजे सुमारे 1300 वर्षांपूर्वी, यावर चांगला वाद रंगलाय. श्लोकाचा अर्थ असा: अंधार जणू अंगांना माखतोय, आकाश जणू काजळाचा पाऊस पाडतंय. मूळ संस्कृतात शब्द आहे 'इव', म्हणजे नेहमीचा उपमेचा शब्द. त्यावरून काहींनी याला उपमा ठरवलं. दंडी म्हणतो, इथं 'इव' लागलाय क्रियापदाला, आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही; म्हणून ही उत्प्रेक्षाच. हे वाचून मला आमचं पोरगं आठवलं. त्याचं म्हणणं वेगळं कुठं होतं?

हाच धागा मराठीत धरला की बरंच सुटतं. 'सारखा' किंवा 'गत' नामाला चिकटला तर बहुधा उपमा: खांबागत, दुधागत, आरशासारखं. क्रियापदाच्या '-ल्या' रूपाला चिकटला की सावध व्हायचं: येड लागल्यागत, रुसल्यासारखा, वाट शोधल्यासारखा. मात्र 'तो आजारी असल्यासारखा दिसतोय' यात अलंकार नाही. तो साधा अंदाज, खरा निघू शकतो. उत्प्रेक्षेत बोलणाऱ्याला आपली कल्पना खोटी आहे हे आधीच माहीत असतं.

उत्प्रेक्षेचा मला सगळ्यात आवडणारा प्रकार कारणाचा, हेतूत्प्रेक्षा. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं गाभाऱ्यात जातात. एक दिवस पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. खरं कारण आकाशातलं आहे. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या अलीकडे-पलीकडे साधारण सहा-सहा आठवड्यांवर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. आता कुणी लिहिलं, 'आधी पाया पडल्याशिवाय तोंड कसं बघायचं, म्हणून किरणं जणू पायांपासून सुरुवात करतात', तर घटना खरी राहिली आणि कारण तेवढं कल्पनेतलं आलं. उपमेला हे जमत नाही. ती दिसण्याचं सांगते, मनातलं नाही.

पुराचंही तसंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. ही झाली बातमी. 'पंचगंगा समुद्रासारखी पसरली' ही उपमा, आणि खरं सांगायचं तर झिजलेली उपमा. आम्ही मात्र दरवर्षी गाड्या काढून पाणी बघायला जातो. म्हणून शिकवणीतल्या एकीनं लिहिलं होतं, 'आपणच दरवेळी जातो, म्हणून नदी जणू आपली घरं बघायला आली.' त्या वाक्याला मी पूर्ण गुण दिले.

रूपकाचं दोन ओळींत. 'रंकाळा म्हणजे कोल्हापूरचा आरसा' यात भेद उरलाच नाही, 'सारखा'ही गेला आणि 'जणू'ही. त्याच्याशी गोंधळ सहसा होत नाही.

त्या पोराच्या वहीतलं 'उपमा' मी खोडलं. 'छान' तसंच ठेवलं.