अडॅप्टर की कन्व्हर्जन किट: रेग्युलेटरचे तोंड बदलण्याच्या दोन वाटा

स्कूबा सिलिंडरला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती श्वासाला देणारे उपकरण, जोडण्याच्या योक आणि डिन या दोन पद्धती पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांना चांगल्या ठाऊक असतात. गोंधळ होतो तो एका पद्धतीचा रेग्युलेटर दुसऱ्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला जोडायची वेळ आली की. ‘कन्व्हर्टर’ म्हणून मागणी केली तर समोर दोन अगदी वेगळ्या वस्तू येऊ शकतात. अडॅप्टर हा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये हाताने बसवायचा तुकडा असतो. कन्व्हर्जन किट मात्र फर्स्ट स्टेजचे, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडल्या जाणाऱ्या भागाचे, मूळ तोंड उतरवून त्या जागी बसवायची असते. अडॅप्टरसाठी रेग्युलेटरचा एकही भाग उघडावा लागत नाही, तर किट बसवताना उच्च दाबाच्या हवेची वाटच उघडली जाते. घरी कोणते काम करावे आणि त्यासाठी कोणती हत्यारे हवीत, हे या एका फरकावरून ठरते.

योकमध्ये चिमट्यासारखी चौकट व्हॉल्व्हवरून सरकवतात आणि मागचा स्क्रू हाताने आवळतात. हवा अडवणारी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, इथे व्हॉल्व्हच्या तोंडावर असते. डिनमध्ये रेग्युलेटरच थेट व्हॉल्व्हच्या आट्यांत फिरवून बसवतात आणि ओ-रिंग रेग्युलेटरच्या टोकावर, चारही बाजूंनी धातूत बंदिस्त होते. योकची मर्यादा २३२ बार (बार हे दाबाचे एकक) असते, तर डिन २३२ आणि ३०० अशा दोन्ही बारमध्ये मिळते. साधारण १२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर २३२ बारचा दाब म्हणजे अडीच हजार न्यूटनहून अधिक, सुमारे २६५ किलो वजनाइतका रेटा होतो. योकची चौकट आणि तिचा स्क्रू सतत या रेट्याला तोंड देत असतात, तर डिनमध्ये तोच रेटा आट्यांवर वाटला जातो.

अडॅप्टरची गोष्ट थोडक्यात आटोपते. डिन रेग्युलेटर योक व्हॉल्व्हला जोडायचा असेल तर योकची चौकट असलेला अडॅप्टर घ्यायचा आणि रेग्युलेटर त्यात फिरवून बसवायचा. यामुळे फर्स्ट स्टेज काही सेंटिमीटर मागे सरकते, डोके तिच्यावर आपटण्याची शक्यता वाढते आणि गळतीला वाव असणारी आणखी एक जागा तयार होते. तरीही प्रवासात हा उपाय मला पुरेसा वाटतो. उलट दिशेने, म्हणजे योक रेग्युलेटर डिन व्हॉल्व्हला जोडताना, बहुधा वापरतात तो ‘इन्सर्ट’, मध्ये भोक असलेला आट्यांचा छोटा बूच. तो अॅलन कीने, म्हणजे षटकोनी दांडीच्या किल्लीने, व्हॉल्व्हमध्ये बसवला की व्हॉल्व्हचे तोंड योकसारखे होते. पण अशी सोय २३२ बारच्या व्हॉल्व्हमध्ये असते. ३०० बारच्या व्हॉल्व्हचा खळगा खोल असल्याने तिथे हा इन्सर्ट चालत नाही. याच खोलीमुळे २३२ बारचा डिन रेग्युलेटर ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोहोचत नाही, मात्र ३०० बारचा डिन रेग्युलेटर दोन्हींत बसतो. म्हणूनच तोंड कायमचे बदलणारे बहुतेक लोक योककडून डिनकडे जातात.

आता किट. पहिली अडचण अशी की फर्स्ट स्टेजच्या पितळी अंगात बसणारे आटे सर्व उत्पादकांचे सारखे नसतात, त्यामुळे किट त्या उत्पादकाचीच आणि त्याच मॉडेलची लागते. योक ज्या नटाने धरलेला असतो त्याला बाहेरून षटकोनी कडा असतात आणि तो चांगलाच आवळलेला असतो. अॅडजस्टेबल पाना तिथे जवळजवळ हमखास घात करतो, कारण जबड्यातल्या किंचित सैलपणामुळे नटाचे कोपरे गोल होतात आणि क्रोमचा मुलामा सोलला जातो. नेमक्या मापाचा फिक्स पानाच हवा. डिनच्या तुकड्याला सहसा आतून षटकोनी खळगा असतो, म्हणून तिथे अॅलन की लागते. तीही सरळ टोकाची हवी, कारण गोल टोकाची की तिरकी शिरते आणि आवळताना खळग्याच्या कडा खाते.

पण माझ्या मते या कामातले खरे हत्यार पाना नव्हे. नट फिरवताना फर्स्ट स्टेजही फिरते, तेव्हा ती कशाने धरायची हा मुख्य प्रश्न आहे. तिला थेट शिकंज्यात दाबले तर मुलाम्यावर दात उमटतात आणि नाजूक भाग वाकू शकतो. यासाठी एक साधा धातूचा दांडा मिळतो. त्याच्या टोकावरचे आटे फर्स्ट स्टेजच्या मोकळ्या पोर्टमध्ये, म्हणजे नळी जोडायच्या भोकात, पूर्ण आत बसवायचे आणि दांडा हातात किंवा शिकंज्यात धरायचा. कमी दाबाच्या पोर्टचे माप सर्वसाधारणपणे ३/८ इंच असते आणि उच्च दाबाच्या पोर्टचे ७/१६ इंच, त्यामुळे दोन्ही बाजूंना वेगवेगळे टोक असलेला दांडा सोयीचा. ज्या फर्स्ट स्टेजमध्ये कमी दाबाचे पोर्ट फिरत्या डोक्यावर, म्हणजे अंगापासून वेगळ्या फिरणाऱ्या भागावर, असतात, तिथे दांडा त्या डोक्यात बसवू नये. सगळा जोर डोके धरून ठेवणाऱ्या बोल्टवर येतो आणि पकड मात्र मिळत नाही. अशा वेळी अंगातच कोरलेला उच्च दाबाचा पोर्ट वापरावा.

नवा तुकडा किती आवळायचा हे हाताच्या अंदाजावर सोडण्यासारखे नाही. सैल राहिला तर डिनचे हाताने फिरवायचे चाक सिलिंडरवरून सोडवताना तुकडाच फर्स्ट स्टेजमधून सुटू लागतो, आणि जास्त आवळला तर पितळी आटे ताणले जातात. त्यामुळे टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, आणि त्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा दोन्ही हवेत. आकडा कोणत्या एककात आहे तेही पाहावे, कारण एक फूट-पाउंड म्हणजे १२ इंच-पाउंड किंवा सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंचला फिक्स पान्यासारखे टोक जोडले असेल तर ते दांड्याशी काटकोनात ठेवावे. सरळ रेषेत ठेवले तर प्रभावी लांबी वाढते आणि प्रत्यक्ष पडणारा जोर रेंचवरच्या आकड्यापेक्षा अधिक होतो.

तोंड उघडलेच आहे तर फिल्टर आणि तिथली ओ-रिंग बदलून घ्यावी. ओ-रिंग काढायला पितळी किंवा प्लॅस्टिकचा हुक वापरावा. पोलादी सुईने खाचेला पडलेला बारीक ओरखडा दिसत नाही, पण हवा त्यातून वाट काढते. ऑक्सिजनचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणासाठी रेग्युलेटर वापरायचा असेल तर सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ऑक्सिजनला चालणारेच ग्रीस लागते.

जोडणी झाल्यावर व्हॉल्व्ह सावकाश उघडून फर्स्ट स्टेज दाबाखाली पाण्यात बुडवावी आणि नव्या सांध्यावरचे बुडबुडे पाहावेत. त्यानंतर कमी दाबाच्या नळीवर गेज लावून मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब, पाहावा. तो बहुतेक रेग्युलेटरमध्ये ९ ते १० बारच्या आसपास असतो आणि काही मिनिटे स्थिर राहायला हवा. काटा हळूहळू वर सरकत असेल तर दोष आतल्या सीटमध्ये, म्हणजे हवा बंद करणाऱ्या भागात, असण्याची शक्यता अधिक, आणि ते काम सर्व्हिस करणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे. दांडा, टॉर्क रेंच आणि गेज यांपैकी एकही वस्तू हाताशी नसेल, तर किट विकत घेऊन तंत्रज्ञाकडे वार्षिक सर्व्हिसच्या वेळीच बसवून घ्यावी, कारण तेव्हा रेग्युलेटर उघडला जाणारच असतो. एकदा डिन झाल्यावर योक व्हॉल्व्हच्या ठिकाणी जाण्यापुरता अडॅप्टर पिशवीत ठेवावा आणि उतरवलेला योक त्याच्या नटासह कोरड्या डबीत जपावा, कारण रेग्युलेटर विकताना घेणारा तोच मागू शकतो.