लिनक्स स्टँडर्ड बेस

लिनक्स स्टँडर्ड बेस (एलएसबी) : एका लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी (लिनक्सभोवती जुळवलेल्या तयार संचासाठी) तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनवर जसाच्या तसा चालावा, यासाठी आखलेले मानक. मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमला आंतरराष्ट्रीय मानकाची बैठक देण्याच्या प्रयत्नांपैकी हा फार महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता.

लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने फक्त कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये हेलसिंकीत लिहायला घेतला. त्याभोवती सी लायब्ररी (प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार फंक्शनांचा संग्रह), शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम), पॅकेज व्यवस्था (प्रोग्राम बसवण्याची सोय) यांची जुळणी ज्याने त्याने आपापल्या सोयीने केली आणि स्लॅकवेअर, डेबियन, रेड हॅट, सुसे अशी डिस्ट्रिब्युशने उभी राहिली. कर्नल सगळ्यांचा एकच. पण लायब्ररीची आवृत्ती निराळी, फाइल ठेवायची जागा निराळी, सेवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्ट निराळ्या. सोर्स कोड (प्रोग्रामचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) हाताशी असेल तर प्रोग्राम नव्याने कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून घेता येतो. तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली फाइल) विकणाऱ्या कंपनीला मात्र प्रत्येक डिस्ट्रिब्युशनवर वेगळी चाचणी घ्यावी लागे.

युनिक्सच्या कुळात यावर पूर्वी एक उपाय झाला होता. पॉसिक्स हे मानक १९८८ मध्ये आले (हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलेले) आणि पुढे ते आयएसओ/आयईसी ९९४५ हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. पण पॉसिक्सचा करार सोर्स कोडपुरता आहे. कोणते फंक्शन कोणत्या नावाने मिळेल आणि कसे वागेल, एवढेच ते सांगते. कंपाइल झालेली फाइल कोणत्या लायब्ररीला कशी जोडली जाईल, प्रोसेसरनुसार डेटाची मांडणी कशी असेल, याबद्दल ते काही बोलत नाही. एलएसबीने नेमकी हीच, म्हणजे बायनरी पातळीवरची (एबीआय, अ‍ॅप्लिकेशन बायनरी इंटरफेस) हमी द्यायचे ठरवले. अवघड काम तेच होते.

सुरुवात फाइलींच्या जागांपासून झाली होती. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये असावी याचे पहिले मानक फेब्रुवारी १९९४ मध्ये आले. तेच पुढे फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड (एफएचएस) म्हणून ओळखले गेले आणि एलएसबीने ते आपल्यात सामावून घेतले. एलएसबीचे काम १९९८ मध्ये सुरू झाले. फ्री स्टँडर्ड्स ग्रुपच्या छत्राखाली २००१ मध्ये आवृत्ती १.० निघाली. २००६ मध्ये आयएसओ/आयईसी २३३६० म्हणून एलएसबीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याचे आठ भाग होते : एक सर्वांना समान, उरलेले सात वेगवेगळ्या प्रोसेसर प्रकारांसाठी. पॉसिक्स आणि एलएसबी कुठे कुठे एकमेकांशी जुळत नाहीत, हे नोंदवणारा स्वतंत्र तांत्रिक अहवालही आयएसओने काढला. जानेवारी २००७ मध्ये फ्री स्टँडर्ड्स ग्रुप आणि ओपन सोर्स डेव्हलपमेंट लॅब्ज एकत्र येऊन लिनक्स फाउंडेशन झाले आणि एलएसबीची जबाबदारी त्याच्याकडे गेली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या ‘बॉस’ या डेबियनवर आधारित, मराठीसह भारतीय भाषांना आधार देणाऱ्या डिस्ट्रिब्युशनलाही एलएसबी प्रमाणपत्र मिळाले होते.

वादही पहिल्यापासून होते. पॅकेजसाठी मानकाने आरपीएम हा प्रकार निवडला. डेबियनचा पॅकेज प्रकार वेगळा, त्यामुळे तिथे ‘एलियन’ या साधनाने रूपांतर करून काम भागवावे लागे. सी लायब्ररीचे प्रमुख देखभालकर्ते उलरिख ड्रेपर यांनी २००५ मध्ये मानक पाळले जाते का हे तपासणाऱ्या चाचणी-संचातील चुकांवर बोट ठेवले आणि मानकाच्या उपयोगाबद्दलच शंका घेतली. त्यांची टीका कठोर होती, पण मूळ दुखणे त्यांनी बरोबर ओळखले होते असे म्हणावे लागते. चाचणीत खोट असेल तर प्रमाणपत्राच्या भरवशावर प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

दुसरी अडचण वेगाची. समितीने एखाद्या ग्राफिक्स लायब्ररीची आवृत्ती मानकात घालेपर्यंत डिस्ट्रिब्युशने पुढच्या आवृत्तीवर गेलेली असत. सेवा सुरू करण्याची जुनी पद्धत मानकात होती, तर सिस्टमडी ही नवी पद्धत आल्यावर बहुतेकांनी ती सोडली. आवृत्ती ५.० जून २०१५ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी डेबियनने एलएसबीचा पाठपुरावा थांबवला. प्रमाणित प्रोग्रामांच्या यादीत सहा कंपन्यांचे जेमतेम आठ प्रोग्राम होते, हे डेबियनच्या देखभालकर्त्याने दाखवून दिले. मानक पाळण्याचे कष्ट डिस्ट्रिब्युशने घेत होती, पण ज्यांच्यासाठी ते घेतले जात होते ते प्रोग्राम लिहिणारेच आले नाहीत. त्यांनी हळूहळू दुसरा मार्ग धरला : लागणाऱ्या लायब्ररी प्रोग्रामसोबतच बांधून द्यायच्या. डॉकरचे कंटेनर, फ्लॅटपॅक आणि स्नॅप ही त्याच मार्गाची रूपे. आयएसओ/आयईसी २३३६० ची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये निघाली, ती ५.० वरच आधारलेली आहे.

एफएचएस मात्र डेबियनने सोडले नाही. मांडणी लक्षात ठेवायला सोपी आणि पाळायला स्वस्त, शिवाय तिचा उपयोग रोज होतो. म्हणूनच एका डिस्ट्रिब्युशनवर काम शिकलेला माणूस दुसऱ्यावर बसला, तरी सेटिंग ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये आणि लॉग (घडामोडींच्या नोंदी) ‘व्हार’ फोल्डरमध्ये शोधतो, आणि सहसा ते तिथेच सापडतात.