परवाना परीक्षेचा अभ्यास सुरू करण्यापूर्वी: आमच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

व्यवसायाच्या परवान्यासाठी परीक्षा देणाऱ्यांना आम्ही अभ्यासाचे नियोजन, सराव प्रश्न आणि मार्गदर्शन पुरवतो. नाव नोंदवल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "कोणतं पुस्तक घेऊ?" आमचे उत्तर असते, अजून कोणतेच घेऊ नका. पुस्तक उघडण्याआधीचा आठवडा कसा वापरायचा, ते या पत्रकात दिले आहे. हा आठवडा टाळू नका, अशी कळकळीची विनंती.

परीक्षा नेमके काय तपासते

शाळा-कॉलेज आणि स्पर्धा परीक्षांमुळे इतरांच्या पुढे जाण्याची आपल्याला सवय झालेली असते. परवाना परीक्षेत क्रमांक लावायचा नसतो. या माणसाच्या हाती काम दिले तर लोक सुरक्षित राहतील का, एवढेच तिथे पाहतात. उत्तीर्ण होण्याची रेषा कित्येक परीक्षांत अँगॉफ पद्धतीने ठरते. तिचे मूळ विल्यम अँगॉफ यांच्या 1971 सालच्या लेखनात आहे. व्यवसायातली अनुभवी मंडळी एकेक प्रश्न समोर घेतात आणि अंदाज बांधतात, की जेमतेम पात्र असलेल्या 100 जणांपैकी किती जण याचे उत्तर बरोबर देतील. या अंदाजांची गोळाबेरीज करून पात्रता गुण काढतात. शेजारचा उमेदवार किती हुशार आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणूनच एखाद्या दुर्मीळ प्रकरणात महिनाभर रुतून बसू नका; रोजच्या कामात वारंवार लागणारे विषय आधी पक्के करा.

असे विषय कोणते, हे परीक्षा घेणारी संस्था आपल्या अधिकृत अभ्यासक्रम-आराखड्यात देते. त्यात बहुधा प्रत्येक घटकाचा भारही टक्क्यांत असतो. हा भार मनाला येईल तसा ठरवलेला नसतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारून, कोणते काम किती वेळा करावे लागते आणि ते चुकले तर केवढे नुकसान होते, हे पाहून तो ठरवतात. आराखडा छापून घ्या. प्रत्येक घटकापुढे "येते", "अंधुक आठवते" किंवा "माहीत नाही" असे लिहा. हे लिहिताना स्वतःशी प्रामाणिक राहा. कायदा, संहिता किंवा मानकांची कोणती आवृत्ती परीक्षेला धरली आहे, तेही तिथेच पाहा. जुन्या आवृत्तीवर केलेला अभ्यास मोडून नवा करणे फार त्रासाचे असते.

अभ्यासाआधीच एक सराव परीक्षा

ही सूचना सर्वांना नकोशी वाटते, पण आमचा सर्वांत जास्त आग्रह हिच्यासाठीच आहे. काही न वाचता, घड्याळ लावून एक सराव परीक्षा द्या. गुण कमी पडणारच, त्यांची काळजी करू नका. "येते" असे लिहिलेले घटक खरेच येतात का, हे त्यातून कळते.

स्वतःची चाचणी घेत अभ्यास करण्याला संशोधनाचा आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेले दिसले. वाचून झाल्यावर जे "समजले" असे वाटते, ते परीक्षेपर्यंत टिकेलच असे नाही. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने करणे या दोन सर्वांत उपयुक्त ठरल्या. रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे यांचा उपयोग कमी आढळला. आमच्या वेळापत्रकात प्रत्येक घटक काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी परत येतो, तो याच कारणाने. तो परत आला की "हे झालंय" म्हणून पान उलटू नका.

चुकलेल्या प्रश्नांसाठी वेगळी वही ठेवा. उत्तराबरोबर चुकीचे कारणही लिहा. माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ संपला, या तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत.

वेळेचे गणितही आताच मांडा. अमेरिकेतील वकिलीच्या एमबीई परीक्षेत 6 तासांत 200 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 1 मिनिट 48 सेकंद. तिथल्याच परिचारिकांच्या एनक्लेक्स परीक्षेत संगणक उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न निवडतो आणि मागे जाता येत नाही. तुमच्या परीक्षेचा नमुना कोणता, चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का, संदर्भपुस्तिका मिळते का, हे सगळे शोधून ठेवा. पुस्तिका मिळणार असेल तर पहिल्या दिवसापासून तीच उघडून सराव करा.

कागदपत्रे

अर्जावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. आजारपण किंवा अपंगत्वामुळे जादा वेळ हवा असेल, तर त्याची मागणी अर्जाच्या वेळीच करा. मंजुरीला वेळ लागतो.

आमच्याकडे पहिल्यांदा येताना

खुणा केलेला आराखडा, सराव परीक्षेची उत्तरे आणि आठवड्यातले तुमचे खरोखर मोकळे तास लिहून आणा. नोकरी, घर, मुले सांभाळून जेवढे उरतात तेवढेच लिहा. रोजचा एक तास असेल तर त्या एका तासाचे वेळापत्रक आम्ही बांधून देऊ. पुस्तक कोणते घ्यायचे, ते त्याच भेटीत तुमच्या चुकांकडे पाहून ठरवू.